उजेडाची साक्ष : जंतू ओळखण्याचा इतिहास



मागच्या वेळी आपण प्रमाणविचाराकडे वळलो होतो. एखादी गोष्ट खरी आहे हे आपण कशावरून मानतो, हा आपला प्रश्न होता. काही श्रोत्यांनी नंतर विचारलं, की हे सगळं ठीक, पण व्यवहारात याचा उपयोग काय? म्हणून आज एक व्यवहारातलाच विषय घेतला आहे. रोगाचा जंतू डोळ्यांना दिसत नाही. मग तो इथे आहे हे माणसाने कसकसं ओळखलं, आणि त्या ओळखीत उजेडाने काय काम केलं, हा तो विषय. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही, पदार्थविज्ञानही नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण हा इतिहास वाचताना वाटलं, की हा आपल्या खानदेशाचाही इतिहास आहे. म्हणून बोलायचं धाडस करतो.

सुरुवात 1994 पासून करू. त्या सप्टेंबरात आम्ही नंदुरबारात शिकवत होतो. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचा भाग होता, आपला वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. गणपती विसर्जन होऊन दोन-तीन दिवसच झाले असतील. सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली. तुम्हाला माहीत आहे, सुरत आपल्याला परकी नाही. उधना, लिंबायत या भागात अर्धा खानदेश राहतो. कापडाच्या कारखान्यांत आपलीच माणसं. तापी खोऱ्यातून जाणारी रेल्वे सुरतेहून निघते ती नवापूर, नंदुरबार करतच पुढे जाते. त्या आठवड्यात सुरतेहून लाखो माणसं बाहेर पडली, आणि त्यातली कितीतरी या रुळावरून आली.

आम्ही स्टेशनवर गेलो होतो. गाडीतून उतरणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले. घ्यायला आलेल्यांच्याही तोंडाला रुमाल. सख्खा भाऊ भावापासून चार हात लांब उभा. आमच्या गल्लीत एक कुटुंब आलं, नवरा-बायको आणि दोन मुलं. धाकट्याला ताप होता. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या म्हातारीने दार उघडलं, पण शेजाऱ्यांनी त्यांना ओट्यावरच थांबवलं. गावात टेट्रासायक्लिनची गोळी मिळेना. आम्हाला कुणीतरी विचारलं, "सर, तुम्ही शिकलेले, सांगा ना, या पोराला प्लेग आहे का?" आम्ही काय सांगणार? त्या दिवशी नंदुरबारात हे खात्रीने सांगू शकेल असं कुणीच नव्हतं. चार दिवसांनी पोराचा ताप उतरला. साधा हिवताप असावा. पण ते चार दिवस ते कुटुंब ओट्यावर होतं, आणि त्यांना आत घ्या असं ठणकावून सांगायची आमची हिंमत झाली नाही. हे आम्ही कबूल करतो.

नंदुरबारचं सोडा, देशातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांतही तेव्हा वाद चालू होता. काही म्हणत हा प्लेग नाहीच, दुसरा काही फुप्फुसाचा आजार आहे. त्याआधी थोडे दिवस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले होते, म्हणून संशय बळावला. पुढे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तपास करून प्लेगच होता असा निर्वाळा दिला. मृत्यू सगळे मिळून पन्नासच्या थोडे वर. पण तोवर विमानं थांबली, निर्यात थांबली, शहर रिकामं झालं, आणि माणसांनी माणसांना ओट्यावर बसवलं.

आजच्या व्याख्यानाचा गाभा इथेच आहे. संशय आला त्या क्षणापासून खात्री पटेपर्यंत मध्ये एक काळ जातो. कधी काही तास, कधी आठवडे. त्या मधल्या काळात माणूस आणि सरकार अंधारात निर्णय घेतात. जंतू ओळखण्याचा इतिहास हा एका अर्थी तो मधला काळ कमी करण्याचा इतिहास आहे.

आता शंभर वर्षं मागे जाऊ. योगायोग बघा, प्लेगचा जंतू ओळखला गेला तो 1894 साली, सुरतेच्या बरोबर शंभर वर्षं आधी. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन आणि किटासाटो या दोघांनी तो शोध घेतला. जंतूचं आजचं नाव येर्सिनिया पेस्टिस आहे, ते येर्सिनवरूनच. दोन वर्षांत तो प्लेग मुंबईला आला. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रुग्ण तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं सांगितलं. त्यांनी ते लक्षणांवरून ओळखलं होतं. प्लेगचं नाव उच्चारायला सरकारदरबारी आधी कुणी तयार नव्हतं, कारण मुंबई हे बंदर. प्लेग म्हटलं की जहाजं अडणार.

आणि एकदा नाव उच्चारलं गेल्यावर मात्र उलट टोक गाठलं गेलं. 1897 चा साथरोग कायदा आला. रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोल्जर घरात शिरून झडती घेऊ लागले. काखेत गाठ आहे का, ताप आहे का, एवढ्यावर माणसाला छावणीत न्यायचं. त्याला खरोखर प्लेग आहे का, हे तिथल्या तिथे ठरवायचं साधन नव्हतं. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी काय केलं ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच वर्षी 10 मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत, एकाच अज्ञानापुढे माणसं किती वेगळी वागली! पण तो धागा आज ओढत नाही.

मुंबईत तेव्हा वाल्देमार हाफकीन हा शास्त्रज्ञ आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आता एक गमतीची गोष्ट सांगतो. हाफकीन जंतू वाढवायचा तो मांसाच्या रश्श्यात, आणि त्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचा. हो, आपलं तूप! त्या तरंगत्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. गुहेच्या छतावरून चुनखडीच्या कांड्या लोंबतात ना, तसे. बाटली हलवायची नाही, उजेडासमोर बघायचं. नितळ रश्श्यात ते पांढुरके धागे लोंबताना दिसले की ओळख पटायची. थोडक्यात, उजेड आरपार जातो कुठे आणि विखुरतो कुठे, यावरून जंतूची साक्ष घेतली जात होती. फक्त त्याला दिवसचे दिवस लागत.

1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. आज तिलाच आपण हाफकीन इन्स्टिट्यूट म्हणतो, हे नाव 1925 मध्ये मिळालं. पण मधे 1902 मध्ये एक भयंकर गोष्ट घडली. पंजाबात मुलकोवाल नावाचं गाव, आता ते पाकिस्तानात आहे. 30 ऑक्टोबरला तिथे 107 लोकांना लस टोचली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते गेले. सगळे 19 एकाच बाटलीतून टोचलेले. प्रश्न असा, की धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत शिरले कधी? परळला बाटली भरताना, की मुलकोवालला उघडताना? उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. बाटली उघडली तेव्हा घाण वास आला नव्हता, हाही मुद्दा बचावात आला. आठवडेच्या आठवडे जंतू आत वाढत असते तर वास आला असता, असा तो युक्तिवाद.

बघा मंडळी, 1902 साली 19 माणसांचा जीव आणि एका शास्त्रज्ञाची अब्रू वासावर तोलली जात होती! टोचण्याआधी बाटलीच्या काचेतून आत डोकावून सांगेल असं काही नव्हतं. हाफकीनवर ठपका आला, तो पदावरून गेला. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समधून त्याची बाजू मांडली, आणि त्यानंतर तो दोषमुक्त झाला. पाच वर्षं गेली. मधला काळ म्हणतो तो हा असाही असतो.

आता उजेडाकडे येऊ. उजेड विखुरतो म्हणजे काय? कौलारू घरात कौल सरकलं की उन्हाची तिरीप आत येते, आणि त्या तिरिपेत धुळीचे कण नाचताना दिसतात. तिरीप आपल्याला बाजूने दिसते, कारण कण उजेड इकडेतिकडे उडवतात. हवा अगदी स्वच्छ असेल तर तिरीप दिसणार नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडाल याने ही साधी गोष्ट पकडली. 1870 मध्ये त्याने धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. पुढे त्याने एक पेटी केली, आतून ग्लिसरीन लावलेली. धूळ खाली बसून भिंतींना चिकटेपर्यंत थांबायचं. मग पेटीतून प्रकाशझोत सोडायचा. झोत आत दिसेनासा झाला, की हवा कणांपासून मोकळी झाली. अशा हवेत उकळून ठेवलेला रस्सा महिनोन्महिने नासला नाही. बाहेरच्या धुळकट हवेतला नासला. जंतू हवेतल्या कणांबरोबर येतात, आपोआप उपजत नाहीत, या मताला त्यामुळे मोठा आधार मिळाला. जंतुशास्त्र आणि विखुरलेला उजेड यांची गाठ अशी सुरुवातीलाच पडली होती.

पण टिंडालचा उजेड एवढंच सांगत होता, की काहीतरी आहे. काय आहे ते सांगत नव्हता. पुढे 1907 मध्ये मॅकफार्लंडने गढूळपणाची मापं ठरवली. कोणत्या नळीइतका गढूळ द्राव म्हणजे साधारण किती जंतू, हे त्यावरून कळतं. ते माप आजही प्रयोगशाळांत वापरतात. त्यातूनही संख्या कळते, जात कळत नाही. जात कळायला रॉबर्ट कॉखची वाट होती. थाळीत जंतू वाढवा, रंग द्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कोणती साखर तो आंबवतो ते तपासा. ही वाट पक्की आहे, पण सावकाश आहे. साधे जंतू वाढायला एक-दोन दिवस, क्षयाचे जंतू वाढायला कित्येक आठवडे.

मग उजेडाने जात सांगावी हे शक्य कसं झालं? इथे आपल्या देशाचं नाव येतं. 1921 च्या उन्हाळ्यात चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडला गेले होते. कलकत्ता विद्यापीठात ते प्राध्यापक, आणि बहुबाजार रस्त्यावरच्या, महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेत संशोधन करत. प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग त्यांनी पाहिला. तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ मानत की समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम नावाचा स्फटिकाचा तुकडा होता. त्यातून पाहिलं तर पृष्ठभागावरची चकाकी जाते. त्यांनी चकाकी काढून पाहिलं, तरी समुद्र निळाच! मग हा रंग पाण्याच्या रेणूंनीच उजेड विखुरल्यामुळे आहे, असं त्यांनी मांडलं. परतीच्या प्रवासात 'नारकुंडा' बोटीवर त्यांनी टिपण लिहिलं. त्यावर तारीख आहे 26 सप्टेंबर 1921, आणि ठिकाण मुंबई बंदर. म्हणजे ज्या मुंबई बंदराने पंचवीस वर्षांपूर्वी प्लेग पाहिला, तिथूनच हे पत्र 'नेचर'ला गेलं.

त्यानंतर सात वर्षं रामन आणि त्यांचे विद्यार्थी द्रवातून विखुरणारा उजेड तपासत राहिले. के. एस. कृष्णन त्यांच्या जोडीला होते. युक्ती साधी होती. सूर्याचा उजेड जांभळ्या काचेतून द्रवावर सोडायचा, आणि विखुरलेला उजेड जांभळा रंग अडवणाऱ्या दुसऱ्या काचेतून बघायचा. उजेडाने रंग बदलला नसेल तर काहीच दिसायला नको. पण मंद उजेड दिसायचा! 28 फेब्रुवारी 1928 रोजी वर्णपटदर्शकातून तो बदललेला उजेड वेगळा दिसला. म्हणूनच 1987 पासून आपण त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो. 1930 मध्ये रामन यांना नोबेल मिळालं. त्याच सुमारास मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मंडेलश्टाम यांनी स्फटिकात हेच पाहिलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

हे काय घडतं ते आपल्या भाषेत सांगतो. पूर्वी गावोगावी जकात नाके असत. समजा व्यापारी शंभर रुपये घेऊन निघाला, आणि नाका ओलांडल्यावर त्याच्याजवळ ब्याण्णव उरले. प्रत्येक नाक्याचा दर ठरलेला. तर उरलेल्या पैशांवरून आपण सांगू शकतो की तो कोणत्या नाक्यावरून आला. उजेडाचं तसंच. रेणूतले अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे हलत असतात. बहुतेक उजेड रेणूला आपटून आहे त्याच रंगाचा परत फिरतो. पण कोटीत एखादा प्रकाशकण थोडी ऊर्जा रेणूला देऊन येतो. तेवढा त्याचा रंग बदलतो. किती बदलला ते रेणूच्या बांधणीवर अवलंबून. ते फरक मांडले की शिखरं आणि दऱ्या असलेला एक आलेख मिळतो. आपल्या सातपुड्याची रेघ लांबून दिसते ना, तसा. त्या रेघेवरून डोंगर ओळखावा तसा आलेखावरून पदार्थ ओळखायचा.

आता जंतू म्हणजे काय? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी एक पिशवी. तिच्यात प्रथिनं, चरबी, साखरी, न्यूक्लिइक आम्लं. प्रत्येक जातीत त्यांचं प्रमाण आणि घडण थोडी वेगळी. म्हणून प्रत्येक जातीचा आलेखही थोडा वेगळा. पाण्याचा स्वतःचा रामन संकेत क्षीण असतो, त्यामुळे ओल्या, जिवंत जंतूचाही आलेख घेता येतो. तो रंगवायला नको, मारायला नको.

अडचण होती ती त्या 'कोटीत एखादा'ची. संकेत इतका मंद, की पकडणार कसा? त्याला तीन मदती मिळाल्या. 1960 मध्ये लेझर आला, म्हणजे एकाच शुद्ध रंगाचा प्रखर उजेड हाती आला. 1974 मध्ये इंग्लंडात फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खरबरीत चांदीवर बसलेल्या रेणूंचा संकेत आश्चर्य वाटावं इतका जोरदार मिळाला. 1977 मध्ये लक्षात आलं की चांदीच त्याला लाखो पटींनी वाढवते. आज चांदी-सोन्याचे अतिसूक्ष्म कण जंतूंत मिसळून हाच फायदा घेतात. तिसरी मदत सूक्ष्मदर्शकाची. 1990 च्या सुमारास नेदरलँड्समध्ये पुपेल्स आणि सहकाऱ्यांनी एकाच जिवंत पेशीचा रामन आलेख घेऊन दाखवला. पुढे तिथेच काही तासांच्या कोवळ्या वाढीवरून जंतूंची जात ओळखण्याचे प्रयोग झाले.

दुसरी एक सोपी वाटही निघाली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अरुण भुनिया आणि सहकाऱ्यांनी थाळीत वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यातून लेझर सोडला. पलीकडे पडद्यावर उजेडाची नक्षी उमटते, वर्तुळं, आरे, ठिपके. अगदी दारातली रांगोळीच! लिस्टेरियाची वेगळी, साल्मोनेलाची वेगळी. अन्नातले घातक जंतू त्या नक्षीवरून संगणक ओळखतो. इथे रेणूंचा हिशेब नाही, ठिपक्याचा आकार आणि घडणच साक्ष देते.

2019 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने तीस प्रकारच्या जंतूंचे रामन आलेख संगणकाला शिकवले. घाईने घेतलेल्या गोंगाटाच्या आलेखांवरूनही त्याने शंभरात ब्याऐंशीहून अधिक वेळा बरोबर ओळखलं. त्याहून महत्त्वाचं काम औषधांच्या बाबतीत चालू आहे. जंतूंना जड पाणी देतात. जिवंत जंतू त्यातला जड हायड्रोजन अंगात घेतो आणि आलेखात एक नवं शिखर उगवतं. प्रतिजैविक दिल्यावरही शिखर उगवलं, तर समजायचं की हा जंतू या औषधाला दाद देत नाही. दोन-तीन दिवसांचं उत्तर काही तासांत.

आता आम्ही आमच्या विषयाकडे येतो. न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण आपण मागे पाहिलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. इथे आग प्रत्यक्ष दिसलेली नाही, तिचं अनुमान आहे. रामन आलेखही तसाच. जंतूची जात कुणी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आलेख हा धूर, जात ही आग. अनुमान खरं ठरायला व्याप्ती लागते, म्हणजे धूर तिथे आग हा संबंध आधी पुष्कळ ठिकाणी तपासलेला लागतो. यंत्रातली ही व्याप्ती म्हणजे आधी गोळा केलेल्या आलेखांचा साठा. साठ्यात जो जंतूच नाही, त्याला यंत्र काय म्हणेल? जवळच्या दुसऱ्याचं नाव देईल, आणि तेही ठामपणे! प्लेगच्या जंतूचा एक अगदी जवळचा भाऊबंद आहे, येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस. घडण जवळजवळ तीच, पण रोग कितीतरी सौम्य. त्या दोघांत गल्लत झाली तर? सुरत पुन्हा रिकामी व्हायची.

दुसरा दोष म्हणजे धूर नसताना धूर दिसणं. श्रावणात तोरणमाळला गेलात तर दरीतून वर येणारं धुकं लांबून धुरासारखंच दिसतं. थुंकी, रक्त, गढूळ पाणी यांत जंतूंशिवाय शंभर गोष्टी असतात. त्यातल्या काही स्वतःच चमकतात, आणि त्या चमकेत मंद रामन संकेत बुडून जातो. शिवाय रक्तात जंतू अनेकदा इतके थोडे असतात, की आधी ते वेगळे काढणं हेच मोठं काम होऊन बसतं. म्हणूनच ही पद्धत अजून बहुतांशी संशोधनशाळांत आहे, रोजच्या दवाखान्यात नाही. तिला प्रतिस्पर्धीही आहेत. गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट हे छोटं यंत्र जंतूच्या डीएनएवरून क्षय ओळखतं, तासाभरात, आणि तालुक्याच्या ठिकाणीही चालतं. हे उजेड विखुरण्याचं तंत्र नव्हे, पण काम तेच करतं. रुग्णाला कोणतं शास्त्र वापरलं याच्याशी काय देणंघेणं? त्याला उत्तर हवं.

आणि ते उत्तर कुठे हवं? आपल्याकडे हवं. 2006 आठवा. जानेवारीच्या अखेरीस नवापुरात कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी वाटलं रानीखेत. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि 18 फेब्रुवारीला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. देशातली ती पहिली नोंद. तो विषाणू, जीवाणू नव्हे, हे खरं. पण मधला काळ तोच. नवापूर ते भोपाळ हे अंतर आणि मधले दिवस, तेवढ्यात कोंबड्या विकल्या जात होत्या, मजूर त्याच शेडमध्ये काम करत होते. मग लाखो पक्षी मारावे लागले, आणि कितीतरी घरांची रोजी गेली.

किंवा पावसाळ्यातलं पाणी घ्या. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर झऱ्याचं, ओढ्याचं पाणी पिणारी माणसं आजही आहेत. नर्मदाकाठच्या काही गावांना दवाखानासुद्धा पाण्यावरून तरंगत येतो. आज गावात पाणी तपासायला एचटूएसची छोटी बाटली देतात. 1982 मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. बाटलीत पाणी भरून ऊबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर पाणी दूषित. विजेची गरज नाही, शिकलेल्या माणसाची गरज नाही. गावातल्या बायका ती तपासणी करतात. उत्तर एक-दीड दिवसाने मिळतं, आणि कोणता जंतू ते कळत नाही. पण पाड्यावर मिळतं! लाखो रुपयांचं रामन यंत्र मुंबई-पुण्यात तासाभरात उत्तर देत असेल, आणि नमुना तिथे पोहोचायला दोन दिवस लागत असतील, तर आमच्या पाड्याच्या दृष्टीने काळी बाटलीच वेगवान. हे गणित यंत्र करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हातात धरता येईल अशी रामन यंत्रं आता निघाली आहेत, औषधं आणि स्फोटकं तपासायला ती वापरतात. जंतूंसाठी तशी येतील तेव्हा त्यांच्या साठ्यात आपल्या ओढ्यांतले, आपल्या दवाखान्यांतले जंतू असले पाहिजेत. ते काम स्टॅनफर्ड करणार नाही. ते आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी, आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी करायचं आहे.

शेवटचा मुद्दा सांगून थांबतो. मधला काळ कमी झाला म्हणजे माणूस आपोआप शहाणा वागतो का? 1897 मध्ये रँडच्या हातात तासाभरात उत्तर देणारं यंत्र असतं, तर सोल्जर घरात शिरले नसते का? आम्हाला तशी खात्री वाटत नाही. कदाचित यंत्र घेऊन शिरले असते. पण काखेतल्या गाठीवरून, नुसत्या तापावरून ज्यांना छावणीत नेलं, त्यातली कितीतरी माणसं घरी राहिली असती, हेही तितकंच खरं. आणि 1994 मध्ये आमच्या गल्लीत कुणी अर्ध्या तासात सांगितलं असतं, की या पोराला प्लेग नाही, तर ते कुटुंब त्याच रात्री घरात झोपलं असतं.

त्या वेळी ओट्यावर पहिल्या रात्री म्हातारी सुनेजवळ येऊन बसली. पोराला मांडीवर घेतलं. तिच्याकडे यंत्र नव्हतं, प्रमाण नव्हतं. आम्ही खिडकीतून बघत होतो. ज्ञान येईपर्यंत काय करायचं, हा प्रश्न तिने तिच्यापुरता सोडवला होता. आम्ही पुढे इतकी वर्षं प्रमाणशास्त्र शिकवलं, पण ते दृश्य डोळ्यांपुढून गेलं नाही. यंत्रं येतील, यायलाच हवीत, आणि ती आपल्या जिल्ह्यात यावीत म्हणून आग्रह धरला पाहिजे. तोवर मधल्या काळात कसं वागायचं, ते मात्र आपल्याला एकमेकांकडूनच शिकावं लागेल.

आजच्यापुरतं इथे थांबतो. प्रश्न असतील ते जरूर कळवा, पुढच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला घेऊ. नमस्कार.